पिशवी भरणारी मुलं

"म्हणजे दीड वर्ष घरोघर जाऊन आम्ही मुलांना ढ केलं, असं सरळ म्हण ना," मालती म्हणाली.

ती माझ्या टेबलापुढे उभी होती. बस म्हटलं तरी बसेना. हुबळीत कोप्पीकर रोडवर एका साड्यांच्या दुकानाच्या वर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. खाली गिऱ्हाइकांचा गलका चालायचा, वर आमचा कॉम्प्युटर तापून घरघरायचा. त्या कॉम्प्युटरने सकाळीच निकाल छापून दिला होता आणि तो मी नुकताच मालतीला वाचून दाखवला होता.

"मी म्हणत नाही. आकडे म्हणतात."

"आकडे तुझेच ना?"

"आकडे मुलांचे. मी फक्त मोजले."

"मग नीट मोज," असं म्हणून ती शेवटी खुर्चीवर बसली आणि माझा चहा पिऊन टाकला.

इरा आणि कबीर, मागच्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत की आजी ऑफिसात काय करायची. तुमचे बाबा मागून म्हणाले, "गावोगाव फिरून लहान मुलांना मार्क द्यायची." हे अगदीच खोटं नाही, पण अपुरं आहे. अपुरी गोष्ट मला चैन पडू देत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. म्हणून एक प्रकरण पहिल्यापासून लिहून काढते. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाचं हे. तुमचे बाबा तेव्हा कॉलेजात होते आणि घरी फक्त जेवायला यायचे.

मालती माझी धारवाडच्या कॉलेजातली मैत्रीण. तिची एक छोटी संस्था होती. अळणावरच्या आसपासच्या खेड्यांत ती "घरभेट" नावाचा कार्यक्रम चालवायची. कल्पना साधी होती. त्या खेड्यांतल्या आया शेतावर नाहीतर लाकडाच्या कामावर जाणाऱ्या. मूल तीन वर्षांचं होईपर्यंत त्याच्याकडून कोणाची काही अपेक्षा नसायची. "ते बोलत नाही अजून, त्याच्याशी काय बोलायचं?" असं आया खरोखर म्हणायच्या. म्हणून गावातलीच एक शिकलेली बाई निवडायची, तिला शिकवून तयार करायचं, आणि तिने आठवड्यातून एकदा प्रत्येक घरी जाऊन तासभर बसायचं. आईला घेऊन मुलाशी खेळायचं, बोलायचं, लस टोचली का, काय खाल्लं, ते बघायचं. एवढंच.

यासाठी पैसे बेंगळूरची एक मोठी संस्था द्यायची. तिचे अधिकारी होते मिस्टर राव. पैसे देणारा माणूस कधीतरी विचारतोच, याचा उपयोग काय झाला? ते शोधून सांगायचं काम म्हणजे इव्हॅल्युएशन. ते आमचं.

आता यात एक गोम आहे. तुमच्या बाबांना लहानपणी खोकला झाला की मी औषध द्यायचे आणि आठवड्याने खोकला जायचा. तो औषधाने गेला की आठवड्याने? हे कळायचं तर शेजारच्या खोकणाऱ्या मुलाला औषध न देता बघायला हवं. मुलं तशीही वाढतातच, दीड वर्षात तर फारच वाढतात. म्हणून आम्ही कलघटगीच्या बाजूची तशाच परिस्थितीतली काही गावं घेतली, जिथे घरभेट नव्हती. इकडच्या मुलांची आणि तिकडच्या मुलांची एकच परीक्षा घ्यायची आणि शेजारी शेजारी मांडायची. तिकडच्या मुलांना आम्ही कम्पॅरिझन ग्रुप म्हणायचो.

आणि निकाल असा होता की ज्या मुलांकडे कोणीही गेलं नव्हतं, ती पुढे होती. मालतीची मुलं मागे.

"राव महिनाअखेर ठरवणार आहेत," मालती म्हणाली. "पुढची तीन वर्षं द्यायची की बंद करायचं. हा कागद पाहिला की बंदच. माझं जाऊ दे. मी पुन्हा शिकवण्या घेईन. त्या बायकांना मी काय सांगू?"

त्या बायका म्हणजे घरभेटीला जाणाऱ्या. गावातल्या सुना. या कामाआधी त्यांना नावानेसुद्धा कोणी हाक मारत नव्हतं, अमक्याची सून एवढीच ओळख. आता लोक त्यांना शाळेतल्या बाईंसारखं "अक्कावरु" म्हणायला लागले होते. सासरेसुद्धा.

मालती थोडा वेळ कागद उलटसुलट करत राहिली. मग म्हणाली, "हे बघ, ठोकळ्यांच्या प्रश्नांतच सगळे मार्क गेलेत. मनोरा रचणं, ठोकळा कपात टाकणं. ते प्रश्न काढून टाक ना."

"परीक्षा झाल्यावर प्रश्न काढत नाहीत, मालती."

"युनिव्हर्सिटी काढते."

"म्हणून तर युनिव्हर्सिटीवर तुझा विश्वास नाही."

ती हसली नाही. मीही मग कागद पुन्हा पाहिले. बेरीज बरोबर होती. पण मलाही तो निकाल पटत नव्हता. घरभेटीचा उपयोग झाला नाही, हे मी मान्य केलं असतं. असं पुष्कळदा होतं. पण आठवड्याला तासभर खेळून मूल ठोकळे रचायला विसरतं, हे कसं शक्य आहे? आकडा चुकीचा नसेल तर तो कशाचा आकडा आहे, ते बघायला हवं होतं. आणि ते कोप्पीकर रोडवर बसून दिसणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही जीपने अळणावरकडे निघालो. मी, मालती आणि दीपा. दीपा आमच्याकडची परीक्षा घेणारी मुलगी, सायकॉलॉजीत एम.ए. झालेली. तिच्याइतकी नियमाने वागणारी मुलगी मी दुसरी पाहिली नाही. परीक्षेच्या पुस्तकात लिहिलं होतं की मुलाला तीन वेळा संधी द्या, मदत करू नका, काही सुचवू नका. दीपा इतकी काटेकोर की मुलाकडे पाहून हसायचंसुद्धा बेतानेच.

"त्या गावांतली मुलं कशी वाटली तुला?" मी जीपमध्ये विचारलं.

"फार शिस्तीची आहेत, बाई."

"म्हणजे?"

"म्हणजे पसारा करत नाहीत."

मला ते ऐकून बरंच वाटलं. पसारा न करणाऱ्या मुलांबद्दल माझं मत नेहमीच चांगलं होतं.

गावात शिरताच गंगव्वा भेटली. तिथली घरभेटीची बाई तीच. तिशीची, उंच, आणि जिभेला हाड नसलेली. लाल कापडी पिशवी खांद्याला, छत्री काखेत. मालतीने तिला निकाल आधीच कळवला होता. (बोलणं सगळं कन्नडमध्ये झालं. मी मराठीत लिहिते आहे, कारण तुमचं कन्नड मला माहीत आहे.)

"आमच्या पोरांना शून्य दिलं ते तुम्हीच का?" तिने मला विचारलं.

"मीच."

"बघून दिलं की हुबळीत बसून?"

"आता बघायलाच आले आहे."

"मग चला. पण आमची पोरं पाहिल्यावर शून्य परत घ्यावं लागेल. आधीच सांगते." आणि ती पुढे चालू लागली.

पहिलंच घर रेणव्वाचं. सुगी नुकतीच उरकली होती, म्हणून रेणव्वा घरी होती. अंगण सारवलेलं, भाताची कणगी भरलेली. तिचा मुलगा बसू, दोन वर्षांच्या पुढचा, अंगात झबलं आणि कमरेला करदोटा. आम्ही घोंगडीवर बसलो. मी दीपाला सांगितलं, "तू नेहमी घेतेस तशीच परीक्षा घे. मी नाहीच असं समज."

दीपाने आमची परीक्षेची पिशवी उघडली. निळी खादीची. त्यातून रंगीत ठोकळे काढले. स्वतः एक मनोरा रचला, मोडला आणि ठोकळे बसूपुढे सरकवले. "असं कर बघू."

बसूने ठोकळ्यांकडे पाहिलं. मग पिशवीकडे पाहिलं. एक ठोकळा उचलला आणि पिशवीत टाकला. मग दुसरा. मग राहिलेले. मग कप, घंटा, बाहुली, दीपाने अजून दाखवलंही नव्हतं ते सगळं एकेक करून आत गेलं. पिशवीचं तोंड त्याने दोन्ही हातांनी मिटवलं, वरून थापटलं, आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या.

"आतु," तो म्हणाला. म्हणजे झालं.

आणि तो दाराकडे बघू लागला. आम्ही आता निघायला हरकत नव्हती.

दीपाने चेहरा जराही न हलवता ठोकळे पुन्हा बाहेर काढले. पुन्हा मनोरा. बसूने या वेळी अधिक चपळाईने पिशवी भरली. तिसऱ्यांदा तर ठोकळा तिच्या हातातून जमिनीवर यायच्या आत त्याने तो वरच्यावर झेलून आत टाकला. दीपाने कागदावर शून्य लिहिलं.

रेणव्वाच्या चेहऱ्यावर काय आनंद होता. "बघा अक्कावरु, कसा शहाणा झालाय. एक वस्तू बाहेर राहू देत नाही."

मालतीने कपाळाला हात लावला. मी गंगव्वाकडे पाहिलं.

"हे तुम्ही शिकवलंत?"

"नाही तर काय तुम्ही?"

"सगळ्या घरांत?"

"सगळ्या घरांत आणि सगळ्या गावांत. पिशवी एक आणि घरं इतकी. इथलं खेळणं इथे राहिलं तर पुढच्या घरी मी काय दगड घेऊन जाऊ?"

मग तिने पुढचं सांगितलं. सुरुवातीला एकदा पिशवीतली लाकडी चिमणी हरवली. शेवटची भेट रेणव्वाच्या घरी होती. गंगव्वा काही म्हणाली नव्हती, नुसतं विचारलं होतं. पण रेणव्वाने घर उलटंपालटं केलं. कणगी हलवली, चुलीतली राख चाळली, शेणाच्या उकिरड्यात हात घातले. परक्याची वस्तू आपल्या घरात राहिली असं कोणी म्हणू नये म्हणून. मजुरी करणाऱ्या घराला चोरीचा असा एक शब्द वर्षानुवर्षं पुरतो. संध्याकाळी चिमणी पिशवीच्याच फाटक्या अस्तरात सापडली. पण बातमी गावोगाव गेली होती. त्यानंतर प्रत्येक घरात आया आधी अट घालायच्या, डोळ्यांदेखत सगळं पिशवीत जाऊ दे, मगच उठा. मग मुलं खेळणी सोडेनात, रडायची. म्हणून या बायकांनी त्याचाच खेळ केला. शेवटी "चीलदाग हाकू", पिशवीत टाक. जो भराभर टाकेल तो शाणा, त्याला टाळ्या. चील म्हणजे पिशवी. सगळ्या घरभेटीत मुलांचा हाच सर्वांत आवडता खेळ होता, असं गंगव्वाने अभिमानाने सांगितलं.

म्हणजे इकडच्या मुलांना पिशवी बघताच काय करायचं ते पाठ होतं. कलघटगीकडच्या मुलांनी अशी पिशवी जन्मात पाहिली नव्हती. त्यांनी ठोकळे ओढले, रचले, पाडले, आपटले आणि मार्क मिळवले.

"तुमच्या मुलांनी पसारा आवरला असता तर तुम्ही पाठ थोपटली असती," गंगव्वा म्हणाली. "आमच्यांनी आवरला तर शून्य."

मी दीपाला पिशवी जीपमध्ये ठेवून यायला सांगितलं. रेणव्वाकडून तिच्याच घरच्या वाट्या आणि एक चमचा मागून घेतला आणि बसूपुढे ठेवला. त्याने वाटीवर वाटी चढवली. सगळ्यांवर चमचा आडवा ठेवला. मग तो चमचा म्हणजे बस आहे आणि ती धारवाडला चालली आहे, असं काहीतरी सविस्तर समजावून सांगितलं.

"दे आता मार्क," मालती म्हणाली.

"नाही देता येत."

"डोळ्यांनी पाहिलंस ना?"

"पाहिलं. पण एका मुलाला पाहिलं, निकाल कळल्यावर पाहिलं, आणि तो पास व्हावा अशी माझी इच्छा असताना पाहिलं. याला परीक्षा म्हणत नाहीत. याला लाड म्हणतात."

मालती जीपमध्ये जाऊन बसली.

तुम्हाला वाटेल आजी उगाच ताणते आहे. पण विचार करा. फक्त मालतीच्या मुलांना दुसरी संधी दिली असती आणि ती पुढे आली असती, तर राव पहिलाच प्रश्न विचारणार, कलघटगीच्या मुलांना का नाही दिली? त्यांचंही बरोबर. पुन्हा परीक्षा घ्यायची तर दोन्हीकडे, नवी, आणि सारखीच. त्यासाठी रावांची परवानगी हवी. मी अळणावरच्या एसटीडी बूथवरून त्यांना फोन लावला.

"राव साहेब, निकालात एक अडचण आहे. मुलांनी परीक्षेत खेळणी आवरून ठेवली."

"सॉरी?"

"दे टायडीड अप."

मग ते म्हणाले, "मॅडम, कार्यक्रम फसला की लोक कारणं देतात. पाऊस, निवडणूक, गोवर. हे कारण मी प्रथमच ऐकतोय."

"म्हणून तर या आणि बघा. तुम्ही धारवाडला येणारच आहात."

"नंबर्स आर नंबर्स, मॅडम."

"खरं आहे. पण हे नंबर कशाचे आहेत ते एकदा बघा."

ते आले. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत काळी ब्रीफकेस. गावात मुद्दाम त्यांनीच घर निवडलं. मी किंवा गंगव्वाने दाखवलेलं घर त्यांना नको होतं, आणि त्यात मला त्यांचं कौतुकच वाटलं. एका गल्लीत शिरून डावीकडचं तिसरं दार त्यांनी दाखवलं. तिथे यल्लू नावाची मुलगी होती, बसूपेक्षा थोडी लहान, नाक वाहणारी, अतिशय गंभीर.

आमची परीक्षेची पिशवी आम्ही आणलीच नव्हती. राव म्हणाले, आधी तिच्या आईला चार प्रश्न विचारतो. घोंगडीवर मांडी घालून बसले. ब्रीफकेस उघडली. फाइल काढली, चष्म्याचं घर काढलं, पेन काढलं, कॅल्क्युलेटर काढला, आणि सगळं शेजारी नीट मांडलं.

यल्लू उठली. तिने पेन उचललं आणि ब्रीफकेसमध्ये ठेवलं.

"नो नो, पापा," राव म्हणाले (पापा म्हणजे कन्नडमध्ये बाळ) आणि पेन परत काढलं.

यल्लूने त्यांच्याकडे पाहिलं. या पाहुण्याला रीत माहीत नाही हे तिच्या लक्षात आलं. तिने पेन पुन्हा आत ठेवलं, त्यावर कॅल्क्युलेटर, त्यावर चष्म्याचं घर. फाइल जड होती, ती ओढत आणली. मग रावांच्या नाकावरच्या चष्म्याकडे हात नेला. तो मात्र तिच्या आईने अडवला. झाकण काही तिला लागेना, म्हणून ती त्यावर बसली. खटका लागल्याचा आवाज आला. तिने टाळ्या वाजवल्या.

"आतु," यल्लू म्हणाली आणि दारात जाऊन टाटा करायला उभी राहिली.

रावांनी ब्रीफकेसकडे पाहिलं. मग मला इंग्रजीत म्हणाले, "ती मला जा म्हणतेय का?"

"नाही सर. तुमची घरभेट पूर्ण झाली, असं म्हणतेय."

गंगव्वाने पदर तोंडात कोंबला. रावसुद्धा हसले, पण परवानगी देताना हसले नाहीत. परीक्षा दोन्ही बाजूंना घ्यायची. घेणाऱ्या मुली नव्या हव्यात, कुठल्या गावात घरभेट होती ते त्यांना कळता कामा नये. पहिला निकालही रिपोर्टात छापायचा, लपवायचा नाही. निर्णय तोपर्यंत थांबेल, पण दुसरा निकाल काही येवो, तोच शेवटचा.

"आणखी वाईट आला तर?" मालतीने विचारलं.

"तर निदान ते आवरण्यामुळे नाही, एवढं कळेल," राव म्हणाले.

जीपकडे जाताना मालती माझ्या कानात म्हणाली, "तुझं याच्याशी लग्न व्हायला हवं होतं."

नवी परीक्षा बसवायला आम्हाला वेळ लागला. पिशवी नाही, खेळणी नाहीत. मुलींनी हात हलवत जायचं आणि घरातल्याच वस्तू मागायच्या. तीन वाट्या, एक चमचा, एक झाकण, एक कांदा. वाट्या रचायच्या, झाकण कुठल्या वाटीला बसतं ते शोधायचं, कांदा दाराजवळ नेऊन ठेवायचा, नाव सांगायचं, नाक दाखवायचं. गंगव्वा आणि बाकीच्या बायकांनी त्या दिवशी घरांच्या आसपास फिरकायचं नाही. गंगव्वाने हे इतकं मनावर घेतलं की ती मारुतीच्या देवळाच्या कट्ट्यावर गावाकडे पाठ करून दिवसभर बसून राहिली. कोणी हाक मारली तर मागे न बघता उत्तर द्यायची.

सगळा विचार केला होता, एक सोडून. आपल्याकडे पाहुण्याला रिकामी वाटी देत नाहीत. मुलींनी तीन वाट्या मागितल्या की आतून वाट्या यायच्या त्या भरून. एकीत शेंगा, एकीत गूळ, एकीत चुरमुरे. "रिकामी कशी देऊ? सासू काय म्हणेल?" अळणावरकडेही तेच आणि कलघटगीकडेही तेच. मग मुलींनी ते खायचं, मुलानेही त्यातलं अर्धं खायचं, वाट्या रिकाम्या झाल्या की परीक्षा सुरू. एका घरी मुलाने कांदा खाल्ला. एका घरी आजीने वाट्या दुसऱ्यांदा भरल्या. दुपारी त्या मुली माझ्याकडे आल्या तेव्हा डबा उघडायची सोय राहिली नव्हती. दीपाला हे सहन होईना. "पुस्तकात हे बसत नाही, बाई," ती पुन्हा पुन्हा म्हणायची. मी म्हटलं, "दोन्हीकडे सारखंच खाल्लं ना? मग बसतं."

निकाल काढला त्या दिवशी मी ऑफिसचं दार आतून लावून घेतलं. मालतीला मुद्दामच बोलावलं नव्हतं. मी बेरजा दोनदा केल्या, मग दीपाला करायला लावल्या. नंतर आम्ही दोघींनी खालून गिरमिट मागवलं आणि ते शेवटच्या चुरमुऱ्यापर्यंत संपवलं.

धारवाडला मालतीच्या ऑफिसात बैठक झाली. राव, मालती, आणि मागच्या बाकावर गंगव्वा आणि तिच्या बरोबरीच्या सगळ्या. आपल्या कामाचं काय होणार ते ऐकायला त्या सकाळच्या गाडीने आल्या होत्या. गंगव्वाने नवी इरकल नेसली होती. चांगली बातमी असली तर शोभेल, वाईट असली तर निदान दिसू नये, असं तिने मला नंतर सांगितलं.

"वजन?" रावांनी विचारलं.

"फरक नाही. गप्पा मारून वजन वाढत नाही."

"हातांचं काम?"

"थोडं बरं. छातीठोकपणे सांगण्याइतकं नाही."

मालतीने डोळे मिटले.

"बोलणं? समजणं?"

"त्यात फरक आहे. स्पष्ट आहे. घरभेटीची मुलं जास्त बोलतात, आणि सांगितलेलं जास्त समजतात. आयासुद्धा त्यांच्याशी जास्त बोलतात, ते मुलींनी वेगळं टिपलं होतं."

रावांनी पानं उलटली. पहिला निकालही तिथे होता, दुसऱ्याच्या आधी, जसा ठरला होता तसा. त्यांनी दोन्ही वाचले, पुन्हा मागे गेले, पुन्हा वाचले.

"तीन वर्षं देता येणार नाहीत," ते म्हणाले. "दोन देतो. वजनाचं काय करायचं ते आधी ठरवा. आणि ती पिशवी बंद करा. घरातल्या वस्तूंनी खेळा."

मालतीने हे कन्नडमध्ये सांगितलं. मागे एकच गलका झाला आणि त्यातून गंगव्वाचा आवाज वर आला. "पिशवी बंद म्हणजे? पिशवी नसेल तर मी हात हलवत जाऊ? लोक म्हणतील, ही काय, गप्पा मारायला आली."

"गप्पा मारायलाच तर जायचंय, गंगव्वा," मी म्हटलं. "आकड्यांत तेवढंच आलंय."

तिने यावर थोडा विचार केला. "मग सासऱ्यांना तसं तुम्ही लिहून द्या," ती म्हणाली.

पिशवी तिने सोडली नाहीच. पुढे मी एकदा गेले तेव्हा ती लाल पिशवी तिच्या खांद्याला होती. आत छत्री, डबा आणि पानाची चंची. घरात शिरायच्या आधी ती ओसरीच्या खुंटीला अडकवायची आणि मोकळ्या हातांनी आत जायची. मुलं विसरली का, असं मी विचारलं. विसरली, म्हणाली, पण निघायच्या वेळी पिशवी खांद्याला लावली की बसू अजून टाळ्या वाजवतो.

पुढे कामात मी याचा एक नियम करून ठेवला. कोणाला मोजायला जायचं असेल तर आधी बघायचं, आपण कशाला आलो आहोत असं त्याला वाटतंय. त्याने उत्तर आपल्या प्रश्नाचं दिलं की त्याला वाटलेल्या प्रश्नाचं, हे आकड्यावरून कधीच कळत नाही. दीपाने हे वाक्य तिच्या परीक्षेच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलने लिहून घेतलं होतं. शाईने नाही, कारण पुस्तक ऑफिसचं होतं.

आणि घरात एक नियम केला, तो तुम्हाला ठाऊक आहे, कारण मात्र ठाऊक नाही. तुम्ही दोघं इथे येता तेव्हा चहासुद्धा व्हायच्या आधी मी तुमच्या बॅगा माळ्यावर टाकायला लावते. आजोबा म्हणतात, चारच आठवडे तर राहणार, खोलीत राहू देत कोपऱ्यात, माझी कंबर दुखते.

कोपऱ्यात बॅग दिसली की मुलं आवरायला लागतात, हे मी पाहिलेलं आहे. कंबरेला शेक घेता येतो.